अँप्लिफायर उघडा असताना चालतो, पेटीत बंद केला की फ्यूज उडतो : काकांना आभाराचं पत्र

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. आमच्या भजनी मंडळासारखे जुने अँप्लिफायर गावोगावी आहेत, आणि असा बिघाड झाला की लोक ते थेट भंगारात काढतात.

सप्ताह तोंडावर आला होता. साफसफाईसाठी खोललेला अँप्लिफायर टेबलावर पसरलेला असताना खणखणीत वाजायचा. पेटीत बसवला की फ्यूज गेलाच. ज्याला विचारावं तो म्हणे, "आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेत, बदला." गेलेले ट्रान्झिस्टर टेबलावर कसे वाजतील, हे फक्त तुम्ही विचारलंत. आणि लगेच पुढचा प्रश्न : "नेमका कोणता स्क्रू आवळला की जातो?"

तुम्ही १०० वॅटचा बल्ब लावलेला सिरीज बोर्ड काढलात, म्हणजे अँप्लिफायरला वीज त्या बल्बातूनच जाणार. आता शॉर्ट झालं तर फ्यूज उडणार नाही, बल्ब लख्ख पेटेल. मग एकेक भाग बसवायचा, चालू करून बघायचं, प्लग काढायचा, मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करायचा आणि मगच पुढच्या भागाला हात लावायचा. ट्रान्सफॉर्मर बसला, बोर्ड बसला, बल्ब मंदच. हीट सिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा भाग, चासीला, म्हणजे पेटीच्या धातूच्या सांगाड्याला आवळला आणि बल्ब भगभगला.

आमचे आउटपुटचे ट्रान्झिस्टर २एन३०५५. त्याचं धातूचं अंग म्हणजेच त्याचा कलेक्टर, त्याच्या तीन टोकांपैकी एक, हे मला तेव्हा कळलं. त्यावर व्होल्टेज असतो, म्हणून त्याच्या आणि हीट सिंकच्या मध्ये अभ्रकाची पातळ चकती घालतात, दुकानात मायका म्हणतात ती. आमच्या एका ट्रान्झिस्टरखालची मायका चिरली होती. टेबलावर हीट सिंक सुटा, कशालाच न टेकलेला, त्यामुळे करंटला वाट नव्हती. चासीला बसला की ती मिळायची. तुम्ही मीटरचं एक टोक ट्रान्झिस्टरच्या अंगाला, दुसरं हीट सिंकला लावलंत आणि मीटर वाजला, म्हणजे दोन्ही आतून जोडले गेले होते.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते यापुढचं. मायका चिरली कशानं, ते बघायला तुम्ही भोकाच्या कडेवरून नख फिरवलंत. ॲल्युमिनियमची बारीक धार तिथे उभी होती. मोठा ड्रिल बिट हातानंच फिरवून ती घालवलीत. मग नवी मायका, दोन्ही बाजूंना उष्णता वाहून नेणाऱ्या पांढऱ्या पेस्टचा पातळ हात, स्क्रू धातूला टेकू नयेत म्हणून त्यांना बुश. पुन्हा मीटर लावला, तो गप्प.

ट्रान्झिस्टर जुनेच राहिले. नवे तुमच्या कपाटात होते, तुम्ही दिले असते तर आम्ही निमूट पैसे मोजले असते. तुम्ही फक्त मायकाचे घेतलेत.

पेटीत बंद केल्यावरच बिघडत असेल, तर पेटी बंद करताना काय दाबलं जातं ते बघायचं, हे तुमचं सांगणं आता मंडळातल्या पोरांना पाठ आहे : लांब स्क्रू बोर्डाला टेकतो, झाकणाखाली वायर चेमटते, बोर्ड जरा वाकला की सोल्डरचा सुटलेला डाग उघडतो.

सप्ताहभर आवाज एकदाही गेला नाही. गुरुपौर्णिमेला ही पोरं तुमच्या दुकानी येणार आहेत, त्यांना सोल्डरिंग शिकायचंय. नाही म्हणू नका.

आपला,
मंडळातला एक टाळकरी