मिस्त्रीमामा, आमचा ट्रॅक्टर पाच वर्षांनी लहान झाला

मिस्त्रीमामांस,

सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतंच मिस्त्रीमामा लिहिते. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला आणि सत्तरी उलटली तरी खिशात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) घेऊन फिरणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही. दोन दिवस आमच्यासाठी घालवलेत आणि पैसे घेतले नाहीत. जेवायलाही थांबला नाहीत. चहा तेवढा दोनदा घेतलात, तोही बिनसाखरेचा, गुळाचा खडा दाढेत धरून. निदान हे पत्र तरी परत करू नका.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, पण पत्र इतरही वाचणार, म्हणून थोडं मागचं सांगते. आमच्या गुऱ्हाळघराच्या मागे चिंचेखाली एक ट्रॅक्टर उभा आहे. माझ्या जन्माआधीपासून उभा आहे. पणजोबांनी गुळाच्या पैशातून घेतलेला. घरात एकच गोष्ट ऐकत आम्ही सगळी भावंडं वाढलो: ट्रॅक्टर सत्तेचाळीस सालचा, गावात झेंडा आणि ट्रॅक्टर एकाच महिन्यात आले. दर पंधरा ऑगस्टला काका ही गोष्ट सांगायचे आणि दरवर्षी तिच्यात एखादा बैल नाहीतर एखादा मामलेदार वाढायचा.

हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला दारात ठेवायला जुना ट्रॅक्टर हवा होता. सत्तेचाळीसचा असेल तर चांगला भाव देतो म्हणाला. चुलतभावाने लगोलग ट्रॅक्टरला लालभडक रंग मारला आणि बॉनेटवर पिवळ्या अक्षरांत ‘1947’ लिहूनही टाकलं. कागदपत्रं विचाराल तर ट्रंकेतल्या आर. सी. बुकाची वाळवीने चाळण केलेली. शहरातल्या एका दलालाला फोटो पाठवले, तर दोन हजार रुपये घेऊन त्याने निकाल दिला की हा 1939 चा फोर्ड आहे. काका खूश. त्यांच्या हिशेबाने ट्रॅक्टर आणखी आठ वर्षांनी मोठा झाला होता.

मला तिथेच खटकलं आणि मी तुमच्याकडे आले.

तुम्ही आल्या आल्या नंबर बघाल असं मला वाटलं होतं. तुम्ही ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारलीत, सीटवर चढलात आणि गिअरचा दांडा हलवून बघितलात. मग मला वर बोलावून म्हणालात, “मोज.” पुढचे चार, मागचा एक, आणि शिवाय एक जागा उरली. “ही स्टार्टरची. दांडा इथं ढकलला की इंजिन फिरतंय. वेगळं बटण न्हाई. त्या सालच्या फोर्डला पुढचे गिअर तीनच असत्यात. हा फर्ग्युसन हाय, पोरी.” दलालाचे दोन हजार तिथेच बुडाले.

मग चूक कुठून होते तेही सांगितलंत, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग तो. हॅरी फर्ग्युसनने ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार जोडून ते तेलाच्या दाबावर उचलायची युक्ती काढली. 1938 मध्ये हेन्री फोर्डशी त्याचा करार झाला तो नुसता हातात हात देऊन, कागदावर काही नाही. 1939 मध्ये त्यातून फोर्डचा 9-एन आला. पुढे दोघांचं फाटलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. (कागद न करता केलेल्या वाटण्यांचं काय होतं ते आमच्या भावकीला शिकवायला नको.) फर्ग्युसनने स्वतःचा टीई-20 काढला तो 1946 च्या जुलैत, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, युद्धात विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात. टी म्हणजे ट्रॅक्टर, ई म्हणजे इंग्लंड. दोन्ही ट्रॅक्टर एकाच डोक्यातून निघालेले, म्हणून लांबून भाऊ-भाऊ दिसतात.

रंगाचंही तसंच. चुलतभावाचा लाल रंग बघून तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त बॉनेट पुढे कलंडवलंत आणि आतल्या बाजूचा एक कोपरा नखाने खरवडलात. लालच्या खाली निळा, निळ्याच्या खाली मूळचा करडा, करड्याच्या खाली लोखंड. “रंगारी जिथं हात घालत न्हाई तिथं बघायचं,” म्हणालात. तो कोपरा आम्ही तसाच ठेवला आहे.

नंबराची पट्टी चालकाच्या समोरच होती, पण तिच्यावर तीन थर रंग बसलेला. भावाने पॉलिश पेपर आणला तेव्हा तुम्ही त्याच्या हातावर चापट मारलीत. ती मारलीत म्हणून आज आकडे शिल्लक आहेत. थिनरचा बोळा ठेवून तासभर वाट पाहिलीत. मग खडूची पूड चोळली आणि पुसली. खोलात राहिलेल्या पांढऱ्यातून आधी टी, ई, डी उमटले आणि मागून सहा आकडे, 25 ने सुरू होणारे.

कोणत्या साली कोणते नंबर निघाले ते लिहिलेली तुमची वही तेव्हा बाहेर निघाली. 1946 मध्ये जेमतेम तीनशे ट्रॅक्टर झाले. 1947 संपलं तेव्हा नंबर सुमारे 20,900 पर्यंत पोहोचलेला. 1952 साल 2,41,000 च्या थोडं पुढे सुरू होतं आणि 3,10,000 च्या पुढे संपतं. 1956 मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा शेवटचा नंबर 5,17,651. म्हणजे आमचा 1952 च्या सुरुवातीचा. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते आणि तुम्ही म्हणालात, “थांब. पट्टीचा एक रिव्हेट खरा हाय, दुसऱ्या जागी स्क्रू हाय. पट्टी दुसऱ्या गाडीची न्हाई कशावरनं?”

खरं सांगते, तेव्हा मला तुमचा थोडा रागच आला. आज वाटतं, तुमच्याकडून शिकले ते या स्क्रूपासून पुढेच.

तुम्ही आधी टाकी दाखवलीत. एकाच टाकीत दोन कप्पे आणि वर दोन झाकणं. लहान कप्पा पेट्रोलचा, मोठा रॉकेलचा. गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि गरम झाली की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायची. पट्टीवरचा डी तोच. “घरात कुणाला रॉकेलचं आठवतंय का?” विचारलंत. काका लगेच म्हणाले, “आठवतंय म्हणजे? कॅन मीच आणायचो!” तुम्ही हसलात. कारण रॉकेलवरचा फर्ग्युसन निघालाच मुळी 1949 मध्ये. सत्तेचाळीसची गोष्ट सांगणाऱ्यानेच सत्तेचाळीसच्या विरुद्ध साक्ष दिली.

मग इंजिन. त्याचं हेड, म्हणजे वरचं झाकण, कित्येक वर्षांपूर्वीच कुणीतरी उतरवून ठेवलं होतं, ते एकदाचं उपयोगी पडलं. व्हर्नियर लावलात, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास 85 मिलिमीटर. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांत अमेरिकेहून आणलेलं कॉन्टिनेंटल इंजिन होतं. मग स्टँडर्ड कंपनीचं आलं, ते आधी 80 चं, 1951 पासून 85 चं. पण सिलिंडरच्या आतल्या नळ्या, लायनर, बदलता येतात, त्यामुळे एकट्या बोअरवरही विसंबायचं नाही, हेही वर सांगितलंत. ब्लॉकवर वेगळाच नंबर सापडला तेव्हा भाऊ घाबरला. तो इंजिनाचा नंबर, गाडीचा नाही, आणि निम्मे लोक तोच नंबर यादीत शोधत बसतात. ल्युकास कंपनीच्या स्टार्टरवर बारीक ठोकलेला 52 निघाला. डायनॅमोवर मात्र 58.

“अठ्ठावन्न?” भावाचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, “डायनॅमो जळतोय, दुसरा बसतोय. म्हाताऱ्याच्या तोंडात कवळी हाय म्हणून म्हातारा कवळीच्या वयाचा होतोय का?” आणि मग हातावर हात मारून हिशेब सांगितलात. बदललेले पार्ट आधी बाजूला काढायचे. मूळचे उरतील त्यातला सगळ्यात नवा कोणता ते बघायचं. गाडी त्याच्या आधीची असूच शकत नाही. टाकी म्हणते 1949 नंतर, बोअर म्हणतं 1951 नंतर, स्टार्टर म्हणतो 1952. पट्टीही तेच म्हणते, स्क्रू असला तरी.

काकांनी शेवटचा प्रयत्न केला. “मिस्त्री, सत्तेचाळीसच म्हणा की. कोण बघतंय?”

“मी बघतोय की,” म्हणालात आणि हात पुसायला चिंधी मागितलीत.

हॉटेलवाला फिरकला नाही. काका पंधरा दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, तुमच्याबद्दल तर काय बोलले ते इथे लिहीत नाही. एव्हरेस्टवाला हिलरी पट्टे बसवलेल्या याच फर्ग्युसनांवरून 4 जानेवारी 1958 ला दक्षिण ध्रुवावर पोहोचला, हे तुम्ही सांगितलेलं मी त्यांना ऐकवलं, तेव्हा कुठे जरा विरघळले. आता गावात हिलरीचीच गोष्ट चालू आहे. पुढच्या पंधरा ऑगस्टपर्यंत हिलरी आमच्या गुऱ्हाळावर रस पिऊन गेलेला असेल.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच. ते तुम्ही गेल्यानंतर घडलं.

रात्री जेवताना मी आजीला सहज सांगितलं की ट्रॅक्टर बावन्नचा निघाला. आजी शहाऐंशीची आहे. ती भाकरी मोडत म्हणाली, “मग? माझ्या लग्नाच्या आदल्या दिवाळीतला त्यो.” सगळे थांबले. आजीचं लग्न 1953 च्या वैशाखातलं. ती सांगायला लागली. मुंबईहून रेल्वेने कोल्हापुरात उतरवला असं सासूबाई सांगायच्या. पाडव्याला ओवाळला होता. सीटवर पोतं टाकलेलं असायचं आणि मामंजी कुणाला बसू द्यायचे नाहीत. “माझी वरात त्याच्याच टरॉलीतनं आली. मी चौदा वर्साची पोर, वढ्यात गाडी गचके खायला लागली तशी भ्यालो. शालूला रॉकेलचा वास लागला, तो धुतला तरी जाईना. सासूबाई किती बोलल्या.”

मी विचारलं, आजी, इतकी वर्षं हे सत्तेचाळीस-सत्तेचाळीस करतात, तू बोलली का नाहीस?

“मला कुणी इचारलं?”

मामा, तुम्ही पट्टीचा स्क्रू बघून थांबलात, तसे आम्ही सत्तर वर्षांत एकदाही थांबलो नव्हतो. टाकी, बोअर, स्टार्टर सगळं तपासलं आणि सगळ्यात जुनी साक्षीदार चुलीपुढे बसलेली होती. तिने दिलेलं साल तुमच्या वहीतल्या सालाशी बरोब्बर जुळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला खुर्चीवर बसवून चिंचेखाली नेलं. तिने ट्रॅक्टरवर हात फिरवला आणि पहिलं वाक्य म्हणाली, “ह्यो लाल कुणी केला?”

तर आता रंग उतरवायचं काम निघालं आहे. करडा कुठे मिळेल आणि तुमच्या ओळखीचा रंगारी कोण, तेवढं कळवा. हेडचं गॅस्केट पुण्यात शोधते आहे. बॉनेटवरचं पिवळं ‘1947’ काकांनी परवा कुणाला न सांगता स्वतःच थिनरने पुसलं. सात मात्र अजून पुसट दिसतो.

पत्रासोबत गुळाची एक ढेप पाठवते आहे. हे पैसे नव्हेत, त्यामुळे परत पाठवायचं कारण नाही. आजीने निरोप दिला आहे की इंजिन सुरू होईल त्या दिवशी पहिली फेरी तिची, आणि चालवणार तुम्ही. गिअरचा दांडा कुठे ढकलायचा ते मला आता माहीत आहे, पण तिचा माझ्यावर भरवसा नाही.

तुमची,
चिंचेखालच्या ट्रॅक्टरवाल्यांची नात