आरोग्यमंत्री साहेब, या बायकांना कोर्टात पाठवणं थांबवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

साहेब नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी लेबर रूमला सिस्टर आहे. पोटातल्या बाळात मोठं व्यंग निघालं आणि आईबापांनी गर्भपाताचं ठरवलं की त्यांची जी फरफट होते ना, ती बघवत नाही, म्हणून उघडच लिहितेय.

अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळातलं व्यंग बघायची सोनोग्राफी, व्हायला हवा 18 ते 20 आठवड्यांत. पण पैसे नाहीत, सोनोग्राफीचा डॉक्टर नाही, असं करत बाई येते बाविसाव्यात आणि तेव्हा कळतं की कवटीच बनलेली नाही किंवा दोन्ही किडन्या नाहीत. गर्भपाताच्या कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली, त्यानंतर अशा केसमध्ये 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत पुरतं, मेडिकल बोर्ड, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांची समिती, त्याच्या पुढेच लागतं, आणि बोर्डानेही 3 दिवसांत मत द्यायचं असं नियमात आहे. नवऱ्याची सही पण लागत नाही, बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची पुरे. तरी बाविसाव्या आठवड्यातल्या बाईला "कोर्टाची ऑर्डर आणा" सांगून परत पाठवलेलं मी पाहिलंय! मग या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरता फिरता चोविसावा उलटतो आणि खरंच बोर्डापुढे जावं लागतं.

डॉक्टर घाबरतात ते गर्भलिंगनिदानाच्या चौकशीला, मेडिकलवाले तर गर्भपाताच्या गोळ्याच ठेवत नाहीत. मुलींसाठीची ती कारवाई हवीच, त्यात ढिलाई नको, पण रिपोर्टवर व्यंग स्पष्ट लिहिलेलं असताना या बाईने का भोगायचं?

उपचार तसा अवघड नाही. मिफेप्रिस्टोन 200 मिलीग्रॅमची एक गोळी, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल 400 मायक्रोग्रॅम दर 3 तासांनी. आधी सिझर झालं असेल तर जास्त जपावं लागतं, रक्ताची सोय आणि लक्ष ठेवणारं माणूस हवंच. पण कळा बाळंतपणासारख्याच येतात साहेब, आणि पेनकिलर मागितलं की ऐकायला मिळतं "सहन कर". शेजारच्या बेडवर पेढे वाटतायत, मधे फक्त एक पडदा, आणि हिच्या कळा चालू. घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत दूध उतरतं. एकीने ब्लाउज भिजला म्हणून रडत फोन केला होता, दूध येईल हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, ते थांबवायची गोळी मिळते पण डिस्चार्ज कार्डवर लिहायचं कोणाला सुचत नाही. पुढच्या वेळी परत असं होईल का, कुठली तपासणी करायची, हे तर विचारायचंच राहून जातं.

तर मागणी एवढीच. 24 आठवड्यांच्या आत कोर्ट नको, बोर्ड नको असं स्पष्ट पत्र प्रत्येक सिव्हिलला आणि उपजिल्हा रुग्णालयाला जाऊ द्या, गोळ्यांचा स्टॉक सरकारी स्टोअरमधून द्या, आणि या बायांना लेबर रूमपासून वेगळी खोली द्या. आमच्याकडे मागच्या बाजूला एक खोली रिकामीच आहे, फक्त ऑर्डर हवी.

आपली,
एक स्टाफ नर्स