बूट सहा नंबरचे आहेत, साहेब

मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझी लेक कोल्हापुरात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ साली आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क माफ झालं, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. उपकार मानतो.

सोमवारी ती इंटर्नशिपसाठी एका डिस्टिलरीच्या गेटावर गेली. वॉचमननं बरोबरच्या दोन पोरांचे पास फाडले, हिला बाकावर बसवलं. पाऊण तासानं आतून निरोप आला, "प्लँटवर लेडीज टॉयलेट नाही. लॅबमध्ये जागा झाली तर कळवू." पोरीच्या मापाचे सेफ्टी शूज मिळेनात म्हणून शाहूपुरीत तीन दुकानं हिंडून पोरांचे सहा नंबर घेतले होते, पुढं कापूस कोंबून. साडेनऊशे गेले.

मी २२ वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. हंगामात रात्री दोनला गेटाबाहेर उसाच्या गाडीवर लेकरू मांडीत घेऊन बसलेली बाई चालते. तिला टॉयलेट आहे का, कुणी विचारत नाही. आत पॅनलसमोर बसणारी इंजिनिअर पोरगी आली की सगळ्यांना कायदा आठवतो. तोही जुना! २०१५ लाच महाराष्ट्रानं कारखाना कायदा बदलून बायकांना रात्रपाळीची मुभा दिली, सुरक्षेची जबाबदारी मालकावर टाकून. आमच्या मॅनेजरांपर्यंत तो कागद अजून पोचायचाय.

पहिल्या वर्षी कॉलेजनं फॉर्म भरून घेतला होता, प्रत्येक मुलीला कारखान्यात काम करणारी एक सीनियर ताई मार्गदर्शक म्हणून मिळणार. दोन वर्षं झाली, ताईचा फोन नाही. महिला दिनाला गुलाब मात्र न चुकता. वर्गात पोरी १९ का २०, प्लँटवर घेतल्या दोन. टक्केवारी तुमच्या खात्यानं काढावी, खातं त्यात तरबेज आहे.

भाषणात शाहू महाराज सगळ्यांनाच लागतात. त्यांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. आम्ही पेठेतल्या एका कॉटला अडीच हजार मोजतो. पंचगंगेत मासे मरून वर आले की समिती नेमतात. सांडपाणी सुधारायला शिकलेली पोरगी मात्र गेटाबाहेर!

मागणं एवढंच. इंटर्नशिप सक्तीची केलीत, तर पोरींना प्लँटवर घेणाऱ्या कारखान्यांची यादी कॉलेजच्या भिंतीवर लावा. आणि ती ताई शोधून द्या.

गुरुवारी लेक दुसऱ्या गेटावर जाणार आहे. कापूस बदललाय.

आपला,
एक बॉयलर अटेंडंट, कोल्हापूर