पाणलोट समितीला बोअर नाकारण्याचा अधिकार द्या

प्रति,
मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अमलात आहे. त्याआधीच्या १९९३ च्या भूजल कायद्याचा रोख पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांवर होता. या कायद्याने त्यापुढे जाऊन पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद केली. जमिनीखालचे पाणी गावाची शीव पाहून थांबत नसल्यामुळे ही तरतूद मला फार मोलाची वाटते. मात्र ही समिती अधिसूचित, म्हणजे सरकारने अधिकृतपणे जाहीर केलेल्या, क्षेत्रासाठी आहे, आणि क्षेत्र अधिसूचित होईपर्यंत उपसा बहुधा हाताबाहेर गेलेला असतो.

आमच्या ओढ्यावर चार गावांनी श्रमदानातून बंधारे घातले आणि दोन उन्हाळे विहिरींना पाणी टिकले. तिसऱ्या वर्षी वरच्या शिवारात बोअरच्या गाड्या आल्या आणि फेब्रुवारीतच खालच्या विहिरींनी तळ गाठला. आम्ही हात जोडले, ग्रामसभेचा ठराव दाखवला; पण तो दुसऱ्या गावाचा असल्याने कोणावरही बंधनकारक नव्हता. बोअर घेणारे शेतकरीही आमच्यासारखेच अडचणीतले होते, हेही मला येथे नमूद केले पाहिजे.

हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. तेथे गावाची संमती हाच कायदा झाला. पण पाणलोट अनेक गावांत पसरलेला असेल, तर संमतीच्या पाठीशी कायद्याचे बळ लागते. कारण जमीन ज्याची त्याचे खालचे पाणी, ही जमीन-पाण्याच्या वापराच्या हक्कांविषयीच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून रुजलेली समजूत अजून पक्की आहे.

कायदा ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर मानतो आणि विंधन यंत्रांच्या, म्हणजे बोअरच्या गाड्यांच्या, मालकांना नोंदणी बंधनकारक करतो. मग नोंदणीकृत गाडीने काम सुरू करण्यापूर्वी समितीचे लेखी संमतिपत्र घ्यावे, अशी अट का असू नये? ताण दिसू लागलेल्या पाणलोटांत अधिसूचनेची वाट न पाहता समित्या स्थापाव्यात, खालच्या गावांना त्यांत निम्मे प्रतिनिधित्व द्यावे, समितीच्या नकारावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलाची सोय असावी आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत खोदाई थांबलेली राहावी, ही माझी विनंती आहे. पावसाळा संपताच बोअरचा हंगाम सुरू होतो. त्यापूर्वी निर्णय व्हावा.

आपला विश्वासू,
एका पाणलोट गावातील शेतकरी