230 व्होल्ट बरोबर, पण लहरीचं काय?

माननीय ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत माझा छोटा गाळा आहे. मशीनच्या पॅनेलसाठी, लॅबच्या उपकरणांसाठी सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर मी वाइंड करून देतो. हल्ली माल परत येतो तो एकाच तक्रारीने: 'लोड नसतानाही तापतो, गुणगुणतो.' माझ्या टेबलावर त्याचा नो-लोड करंट चोख भरतो. गिऱ्हाइकाकडे नेला की तोच ट्रान्सफॉर्मर बराच जास्त करंट ओढतो.

तिथे ऑसिलोस्कोप (लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर व्होल्टेजच्या लहरीचा माथा रंधा मारल्यासारखा सपाट दिसतो. एलईडी, कॉम्प्युटर, चार्जर ही सगळी मंडळी लहरीच्या शिखरावरच करंट ओढतात, त्यामुळे नेमकं तिथेच व्होल्टेज पडतं.

शिखर उतरलं म्हणजे ट्रान्सफॉर्मरला आराम, असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला, फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) शिखरावर ठरत नाही, अर्ध्या लहरीखालच्या क्षेत्रफळावर ठरतो. माथा सपाट करणारा तिसरा, म्हणजे 150 हर्ट्झचा हार्मोनिक (मूळ 50 हर्ट्झच्या लहरीत मिसळलेली तिप्पट वेगाची लहर) मूळ लहरीच्या 10 टक्के धरला, तर शिखर 10 टक्क्यांनी खाली येतं आणि फ्लक्स मात्र सुमारे 3 टक्क्यांनी चढतो. कोअर आधीच सॅच्युरेशनच्या, म्हणजे आणखी फ्लक्स न मावण्याच्या, उंबरठ्यावर असतो (आजच्या भावात जास्तीचं स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरचा पत्रा, कोण घालणार?), म्हणून एवढ्याशा वाढीनेही मॅग्नेटायझिंग करंटचे, म्हणजे कोअरला चुंबक करणाऱ्या त्या नो-लोड करंटचे, सुळके भलतेच उंचावतात. आणि लहर बिघडली तरी अचूक मोजणारा ट्रू आरएमएस मल्टिमीटर? 230 चे फार तर 231.

तक्रार केली की वीज कंपनीचा माणूस येतो, सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालतो, 'व्होल्टेज ओके' लिहून जातो. त्याचा दोष नाही, त्याच्या हाती दुसरं काही दिलेलंच नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ग्रिड जोडणी नियमांत 2007 साली व्होल्टेजच्या विकृतीला, म्हणजे लहर बिघडण्याला, 5 टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण ती मोठ्या ग्राहकांच्या जोडणीपाशी. आमच्या गल्लीच्या टोकाला ही विकृती कोण मोजतो?

मागणी मोठी नाही. अशी तक्रार आली तर तिथे आठवडाभर हार्मोनिक्स नोंदवणारं यंत्र लावा आणि नोंदीची प्रत ग्राहकाला द्या. तिसरा हार्मोनिक जास्त निघाला तर आधी न्यूट्रल (करंट परत नेणारी सामाईक तार) तपासा. तिन्ही फेजचा तिसरा हार्मोनिक करंट तिथे एकमेकांत मिळवला जातो, आणि न्यूट्रलची तार बारीक किंवा जोड सैल असेल तर माथा आणखी दबतो. नवीन स्मार्ट मीटरमधून ही नोंद मिळू शकते का, तेही आपल्या खात्याने जाहीर करावं.

आपला,
एक ट्रान्सफॉर्मर वाइंडर, नाशिक