गेलिक डोंगरनावं टिपताना

प्रिय नंदू,

स्कॉटलंडच्या हायलंड्समधली डोंगर-खडकांची गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतली, नावं जुन्या नकाशांशी ताडायचं काम तू घेतलंस, फार बरं वाटलं. एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की कर: नाव नेमकं कशाचं आणि कुठलं, हे आधी, अर्थ सगळ्यात शेवटी. अर्थाच्या मागे लागलास की ऐकू येईल तेही त्या अर्थासारखंच वाटायला लागतं.

निघण्यापूर्वी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा, मैलाला सहा इंचांचा जुना नकाशा आणि त्या भागाची नाववही उघड. 19व्या शतकातल्या या वह्यांत प्रत्येक नावापुढे निरनिराळी स्पेलिंगं, ती कुणी सांगितली, जागा आणि वर्णन असे रकाने आहेत. 'कुणी सांगितली' हा रकाना नीट वाच. तिथे बहुतेकदा जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री किंवा शाळामास्तर भेटतात. मेंढपाळ त्या मानाने कमी. तीन साक्षी दिसल्या म्हणून निर्धास्त राहू नकोस, तिघांनी एकाच लिहिलेल्या रूपाला मान डोलावलेली असू शकते.

नावं जागा सोडून सरकतात, ही खरी डोकेदुखी. लॉखनगार हे मुळात डोंगराच्या कुशीतल्या तळ्याचं नाव; ते अख्ख्या डोंगराला चिकटलं आणि 'बेन नान कीखन' हे जुनं नाव मागे पडलं. त्याचं 1155 मीटरचं सर्वोच्च टोक 'काक कार्न बेग', म्हणजे धाकटं. 'मोर', म्हणजे थोरलं म्हणवणारं टोक त्याहून बुटकं आहे. म्हणून नावावरून उंची ठरवायची नाही. सांगणाऱ्याला बोटाने दाखवायला लाव आणि ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून मिळणारा जागेचा आकडा, घे. डोंगराला सहा आकडी चालतो, कारण तो 100 मीटरचा चौकोन देतो. सुट्या खडकाला आठ आकडीच हवा, म्हणजे 10 मीटरपर्यंत नेम बसतो.

आपला मराठी कान इथे उपयोगी पडतो. गेलिकमध्ये शब्दारंभीचा ब आपल्या प-सारखा आणि द त-सारखा ऐकू येतो. त्यांच्या प, त, क यांत हकार असतो. तू प-फ, त-थ सहज वेगळे ऐकतोस, तेव्हा ऐकलंस तसंच देवनागरीत टिपून ठेव; ध्वनिलिपी नंतर. आघात कुठे पडतो तेही लिही. गेलिक जोडनावात तो सहसा विशेषणावर, म्हणजे शेवटी पडतो. नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या, मुळाच्या नावात पहिल्या अवयवावर. लुइस बेटावर दोन्ही प्रकारची नावं आहेत, तिथे ही खूण फार कामी येते.

नाव नुसतं विचारू नकोस. 'अमक्याच्या माथ्यावर' असं नावासकट वाक्यात म्हणवून घे, कारण आपल्या सामान्यरूपासारखं तिथेही रूप बदलतं आणि त्यावरून लिंग कळतं. 'म्यौल मोर' पुल्लिंगी, 'बेन व्होर' स्त्रीलिंगी, विशेषण एकच. दोन्हीकडे 'मोर' लिहिलंस तर नाव बिघडलं.

नोंदीत नकाशावरचं रूप, ऐकलेलं रूप आणि आजचं प्रमाण रूप असे तीन वेगळे रकाने ठेव, आणि पहिल्यातली एक मात्राही, म्हणजे रोमन स्वरावरची तिरकी रेघही, सुधारू नकोस. आज गेलिकमध्ये डावीकडे कललेलीच मात्रा वापरतात. जुन्या लिखाणात उजवीकडे कललेलीही सापडते, ती तशीच राहू दे.

किनाऱ्यावरचे खडक होडीतून विचार, ओहोटीला. पाण्याबाहेर दिसतो तो 'स्गेर'. बुडालेला, ज्यावर लाट फुटते तो 'बोघा'. जमिनीवरून पाहशील तर दोन्हींची गल्लत होईल, कारण ही नावं कोळ्यांनी समुद्रावरून दिलेली आहेत.

पहिल्या दहा नोंदी झाल्या की ध्वनिमुद्रणासकट मला पाठव.

तुझा,
मकरंद