शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, असे नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रा चावल्याची बातमी आली की ‘अचानक हल्ला केला’ हे शब्द त्यात हमखास असतात. कुत्रा पाळीव असेल तर मालक म्हणतो, ‘शेपूट तर हलवत होता!’ कुत्र्यांचे प्रशिक्षण आणि उपचार हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून लिहितो. चावण्याआधी बहुतेक कुत्री सांगतात, आणि एकदा नव्हे, अनेकदा सांगतात. माणसे शेपटीकडे बघत बसतात आणि सांगणे चाललेले असते तोंडावर.

शेपूट हलते तेव्हा एवढेच कळते की कुत्र्याला कशाने तरी चाळवले आहे. सैल, पाठीच्या रेषेत किंवा थोडी खाली, कंबरेसकट डुलणारी शेपूट आनंदाची. ताठ, उंच आणि फक्त टोकाशी थरथरणारी शेपूट म्हणजे जवळ येऊ नका. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. पण रस्त्यात हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण, त्यावर विसंबू नये. शिवाय जातीजातीत फरक आहेच. आपल्या गावठी कुत्र्याची शेपूट मुळातच पाठीवर वळलेली असते, ती उंच दिसली म्हणून तो चिडलेला नसतो. तीच शेपूट वळण सोडून खाली आली, तर तो घाबरला आहे. याउलट कारवान या शिकारी जातीच्या कुत्र्याची शेपूट एरवीही खालीच असते. म्हणून आधी कुत्रा निवांत असताना शेपूट कुठे असते ते पाहून ठेवावे.

आता तोंड. निवांत कुत्र्याचे तोंड किंचित उघडे असते, जीभ सैल लोंबते, नजर मऊ असते. तो अस्वस्थ झाला की बहुधा आधी तोंड मिटते. धापा टाकत असलेला कुत्रा मध्येच तोंड मिटून थांबला की आपणही हात थांबवावा. मग समोर खाणे नसताना जीभ झटकन नाकावर फिरते, झोप आलेली नसताना जांभई येते, मान वळते, पुढचा एखादा पंजा वर उचलला जातो, कान मागे जातात. मान एकीकडे आणि नजर दुसरीकडे राहिली की डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. मग अंग ताठरते. त्यानंतर गुरगुर, दात दाखवणे, हवेत चावा आणि शेवटी खरा चावा. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी हा चढता क्रम शिडीच्या रूपात मांडला आहे. दर वेळी प्रत्येक पायरी येतेच असे नाही. कान किंवा सांधे दुखत असतील, कुत्रा साखळीने बांधलेला असेल, किंवा आधीच्या सूचनांचा त्याला कधी उपयोगच झाला नसेल, तर तो मधल्या पायऱ्या गाळतो.

लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसते आणि घरचे फोटो काढतात. असा फोटो मोठा करून बघा: तोंड घट्ट मिटलेले, मान मुलापासून दूर, कान मागे, डोळ्यांत ती पांढरी कोर. घरच्यांना हे लाड वाटतात, कुत्र्याची मात्र सुटायची धडपड चालू असते. मुलाचा चेहरा त्याच्या दातांपासून चार बोटांवर असतो, म्हणूनच लहान मुलांना चेहऱ्यावर आणि मानेवर चावे बसतात. मिठी मारू देऊच नये. कुरवाळायचेच असेल तर कुत्र्याला आपणहून जवळ येऊ द्यावे, डोक्यावरून हात न नेता छातीवर किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवावे आणि हात काढून घ्यावा. तो अंग टेकवून आणखी मागत असेल तर पुढे, मान वळवली किंवा नाक चाटले तर तिथेच थांबावे.

उताणे पडण्यातही दोन प्रकार आहेत. अंग सैल, तोंड उघडे, मागचे पाय कसेही फेकलेले, तर पोट खाजवलेले त्याला आवडेल. अंग ताठ, तोंड बंद, शेपूट पोटाशी घेतलेली, कधी लघवीचे चार थेंब, तर तो ‘मला सोडा’ म्हणतो आहे. तिथे पोटाला हात लावू नये.

गुरगुरल्याबद्दल मार देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. माराने भीती जात नाही, फक्त आवाज बंद होतो. मग तोच कुत्रा न गुरगुरता चावतो आणि लोक त्याला लबाड ठरवतात. गुरगुरला तर मागे व्हावे आणि कारण शोधावे: ताट, हाड, पिल्ले, दुखरी जागा. ताटाशी त्याचे अंग ताठरले किंवा खाण्याचा वेग एकदम वाढला, तर ताट ओढू नये, त्याहून चांगला घास लांबून टाकावा.

‘याला चूक कळते, बघा कशी मान खाली घातली’ हेही खरे नव्हे. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अमेरिकन अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्याचा हा चेहरा त्याने खरेच खाऊ पळवला होता का यावर नव्हे, मालक रागावला का यावर अवलंबून असल्याचे दिसले. तो तुमच्या आवाजाला घाबरलेला असतो. तासाभरापूर्वी फाडलेल्या चपलेशी त्या रागाचा संबंध त्याला जोडता येत नाही.

रस्त्यावर कुत्रा अंगावर आला तर पळू नये, दगड उचलायला वाकूही नये. त्याच्याकडे अंगाची बाजू करून उभे राहावे, हात अंगाशी, नजर जमिनीकडे, आणि तो थंडावला की हळूहळू मागे सरावे. दुचाकीच्या मागे लागला तर लाथ न मारता वेग कमी करत न्यावा. खाली पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन हातांनी मान आणि कान झाकावेत. शाळांनी मुलांना एवढे तरी करून दाखवावे, पंधरा मिनिटांचे काम आहे.

आणि चावलाच, किंवा नुसते ओरखडले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी, कुत्रा घरचा आहे म्हणून थांबू नये. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते, ते दवाखान्यात स्वतःहून विचारावे.

आपले,
श्वानप्रशिक्षक व पशुवैद्यक, पुणे